गोल आणि फुली: मंगळवार पेठेतल्या एका चेहऱ्याचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. दुपारची गिऱ्हाइकाची वेळ नव्हती. वहिनी काउंटरला टेकल्या आणि म्हणाल्या, "ती नेहमीची ट्यूब द्या. आणि तोंडाला लावायला काय तरी थंड असलं तर बघा. नुसता जाळ लागलाय."

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट, बावीस वर्षं त्याच काउंटरमागे उभी आहे. वहिनी गल्लीतल्याच. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. वय 49. पाळी बंद होऊन चौदा महिने झालेले. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, त्यामुळे त्याबद्दल शंका नव्हती. रक्तदाबाची एक गोळी चालू. घरी चटणीचा धंदा. फेब्रुवारी ते मे ऑर्डरी घ्यायच्या, गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, हातभर कढईत कांदा आणि मसाला भाजायचा आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. किलोकिलोच्या पिशव्या पुण्या-मुंबईपर्यंत जातात.

त्यांचं प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण त्या चेहऱ्यावर तीन वेगळी दुखणी एकमेकांत गुंतली होती आणि तिन्ही एकाच नावाने चालत होती: "वयाचं आहे." त्यातलं एक दुखणं माझ्याच काउंटरवरून गेलेलं होतं.

"लाल कुठलं ओ, काळवंडलंय"

चेहरा लाल होतो का, असं मी विचारलं त्यावर हे उत्तर आलं. आणि ते खरं होतं. माझ्या मनात रोझेशिया होता, चेहरा लाल करणारा आजार. पुस्तकातल्या फोटोत त्याच्या रुग्णांचे गाल गुलाबी टोमॅटोसारखे दिसतात. आपल्या गहूवर्णी, सावळ्या कातडीत मेलॅनिन ती लाली झाकून टाकतं. वहिनींच्या गालांवर आणि नाकावर तांबूस-तपकिरी छटा होती, न घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखी. लांबून बघणाऱ्याला ती रापल्याचीच वाटली असती. रोझेशिया आपल्याकडे उशिरा ओळखला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे. बघून कळत नाही म्हटल्यावर विचारावं लागतं. चेहऱ्याला हात लावला तर गरम लागतो का? नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरतं का? जी क्रीम पूर्वी चालायची ती आता टोचते का?

तिन्हीला "व्हय" आलं. गालांवर बारीक पुटकुळ्या होत्या, पण मुरमांत दिसतात ते काळे-पांढरे ठिपके एकही नव्हते. डोळ्यांत "वाळू गेल्यागत" होत होतं. हे वाक्य त्यांनी जाता जाता टाकलं, मी विचारलं नव्हतं. रोझेशिया डोळ्यांनाही धरतो, त्यामुळे माझे कान तिथेच टवकारले.

चेहऱ्याला काय काय लावता, या प्रश्नावर त्या आधी म्हणाल्या, "मी काय लावतच न्हाई." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी लावतो’ म्हणतात, तसं पुढे एकेक बाहेर आलं. "साबण लावतो दोनदा. आठवड्यातनं बेसन, हळद, लिंबू. कुंडीतली कोरफड. गुलाबपाणी. ती ट्यूब रात्री." शिवाय बंबातलं कढत पाणी, थेट चेहऱ्यावर. आणि डिसेंबरात पुतणीच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये ब्लीच, त्यानंतर चार दिवस तोंड सुजलेलं.

ट्यूब

पाच वर्षांपूर्वी वहिनींच्या गालावर वांग उठला होता. कुणीतरी ट्यूबचं रिकामं खोकं दाखवलं, त्यांनी ते माझ्याकडे आणलं, मी ट्यूब दिली. चिठ्ठी मागितली नाही. गल्लीतली बाई, रोजची ओळख, एका ट्यूबने काय होतंय, असा माझा हिशोब होता.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन 0.1 टक्का. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करायची कल्पना 1975 सालची, क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे लावायचं ते औषध आपल्याकडे गोरं करायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळतो, कारण स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं. महिने सरले की कातडी पातळ होते, वाहिन्या कायमच्या फुगतात, आणि ट्यूब थांबवली की दोन-तीन दिवसांत असा जाळ उठतो की बाई परत ट्यूबच शोधते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. मलाही होतं.

पाच वर्षांत त्यांनी ट्यूब तीन-चार वेळा सोडायचा प्रयत्न केला होता. "सोडली की भाजतं, मग लावतो." या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

त्यात पाळी गेली. इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं की त्वचेतलं तेल घटतं, पेशींमधला गिलावा म्हणजे सेरामाइड कमी होतं आणि पाणी झिरपून बाहेर जातं. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ 30 टक्के कोलॅजेन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं. आधीच पातळ झालेल्या कातडीचा गिलावाही पडायला लागला म्हणायचं. वर दोन वेळा साबण. त्वचेचा पीएच साधारण 5 असतो आणि अंगाच्या साबणाचा 9 ते 10. तरुणपणी त्वचा हा बिघाड काही तासांत भरून काढते, या वयात तिला ते जड जातं.

कॅलेंडर

वहिनींना मी लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितलं. वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची. तेवढ्या दिवसांसाठी एक काम दिलं: स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायच्या. घाम फुटून गरम वाफ आली तर गोल. घाम नाही, नुसता चेहरा पेटला तर फुली. शेजारी वेळ आणि किती मिनिटं राहिलं ते.

असं का, ते सांगते. रजोनिवृत्तीतली वाफ आणि रोझेशियाचा भडका दोन्ही चेहऱ्यावरच येतात आणि बाई दोन्हीला ‘गरम होतंय’ म्हणते. वाफ मेंदूतून निघते. शरीराचं तापमान सांभाळणारं हायपोथॅलॅमस हे केंद्र इस्ट्रोजेन कमी झालं की फार चिकट हिशोब करायला लागतं. तापमान जरासं वर सरकलं तरी वाहिन्या उघडतं, घाम सोडतं. ती छातीतून मानेवर, मानेवरून तोंडावर चढते, एक ते पाच मिनिटांत ओसरते आणि मागे गारवा ठेवून जाते. रोझेशियाचा भडका गालावर आणि नाकावर बसतो, घाम आणत नाही आणि तासभर हलत नाही. उपाय दोघांचे वेगळे आहेत.

पहिल्या आठवड्यात वहिनींनी सगळ्याला गोलच काढले. मग घरी जाऊन बसले त्यांच्याजवळ. साडेदहाला कढईसमोरून उठून त्या पंख्याखाली आल्या, तेव्हा मी त्यांच्या मानेला हात लावला: कोरडी, थंड. गालाला लावला: तव्यासारखा. "ही फुली," म्हटलं. तिथून पुढे त्यांना फरक पक्का कळला, इतका की पुढे त्या दुसऱ्या बायकांना शिकवायला लागल्या.

तीन आठवड्यांनी कॅलेंडर बघितलं. गोल दिवसाला सहा-सात, त्यातले दोन-तीन पहाटेचे. फुल्या चार-पाच, आणि त्यांना ठरलेली जागा होती: सकाळचा चहा, कढई, मिरच्या खाली-वर करायला गच्चीवर जाणं, रविवारचं जेवण. गोल कुठल्याच कामाला बांधलेले नव्हते.

मी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीवरही बोट ठेवलं. अम्लोडिपिन वाहिन्या सैल करतं, काहींचा चेहरा त्याने तापतो. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. फरक पडला नाही. हेही लिहून ठेवते, कारण मला त्या शोधाचा उगाच अभिमान वाटला होता.

डॉक्टरांकडे

त्वचारोगतज्ज्ञांनी गालावर काचेची पट्टी दाबली. तांबूसपणा फिका झाला, काढली तसा परत आला, म्हणजे रंग रक्तवाहिन्यांचा होता. कातडी मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली वाहिन्यांचं जाळं दिसलं. गालावर पसरणारी लाली ल्युपसचीही (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असू शकते म्हणून एएनए ही रक्ततपासणी केली, थायरॉइडसाठी टीएसएच. दोन्ही ठीक. निदान झालं: स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, त्यावर रोझेशिया, पाठीमागे रजोनिवृत्ती. वहिनींना त्यातला एकच शब्द आवडला. "म्हणजे याला नाव हाय," म्हणाल्या.

मोमेटासोनवरून सौम्य स्टेरॉइडवर आणून ते तीन आठवड्यांत काढायचं ठरलं. सोबत टॅक्रोलिमसचं मलम, जे स्टेरॉइड नसून दाह उतरवतं, आणि आठ आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. इथे जंतू मारणं हा हेतू नसतो, दाह उतरवणं असतो. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि तिने ऊन जास्त लागतं. हे मी कॅलेंडरच्या कडेला लिहून दिलं. मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर कुणीतरी हा कागदच काउंटरवर ठेवेल.

डॉक्टरांनी चेहऱ्यावरचं बाकी सगळं बंद केलं. बेसन, लिंबू, कोरफड, गुलाबपाणी, साबण. सकाळी नुसतं कोमट पाणी. रात्री साबणविरहित फेसवॉश, बोटांनीच, आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपायचं. ओलसर असतानाच सुगंध नसलेलं, सेरामाइड आणि ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. कुठलीही नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर, दिवसातून दोनदा लावून बघायची. कोरफडीसाठी वहिनी भांडल्या. "झाडाची हाय की, त्यात काय?" पण ताजं पान कापलं की सालीलगत पिवळा चीक निघतो आणि तो निरोगी कातडीलाही खाजवतो.

सनस्क्रीनचे तीन प्रकार झाले. पहिलं ऊन शोषणाऱ्या रसायनांचं, दोन मिनिटांत टोचलं. दुसरं झिंक ऑक्साइडचं, टोचलं नाही पण, "पिठाच्या डब्यात तोंड घातल्यागत दिसतंय." शेवटी आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत झिंक मिळालं. त्याचा रंग कातडीत मिसळतो, शिवाय दिसणारा प्रकाशही अडतो. वांग त्या प्रकाशानेही गडद होतो, म्हणून हे दुहेरी कामाचं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक बायका याच्या चौथाईवर भागवतात आणि मग सनस्क्रीनचा काही उपयोग नाही म्हणतात.

एप्रिल

सौम्य स्टेरॉइड सुटलं आणि चौथ्या दिवशी चेहरा उलटला. पुटकुळ्या दुप्पट, गाल फुगलेले, मॉइश्चरायझरसुद्धा झोंबत होतं. रात्री अकराला फोन: "आजच्या दिस तेवढी ट्यूब द्या, परत न्हाई मागणार." मी दिली नाही. फ्रिजमधल्या गार पाण्यात भिजवलेलं पातळ फडकं दहा मिनिटं ठेवायला सांगितलं, बर्फ थेट लावायचा नाही, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं.

पुतण्याने दुसऱ्या दुकानातून ट्यूब आणली. दोन रात्री लागली. हे मला दहा दिवसांनी कळलं, तेही कॅलेंडरवर दोन दिवस कोरे दिसले म्हणून. मला त्या दुकानदाराचा राग येईना. पाच वर्षं मी तेच केलं होतं.

डॉक्टरांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी त्यांनी वहिनींना आधीच सांगितलं की सहा-आठ आठवडे वाईट दिसेल आणि तो चेहरा खोटा असेल. त्या वाक्याचा ट्यूबपेक्षा जास्त उपयोग झाला असं माझं मत आहे.

कढई आणि रस्सा

चटणीचा हंगाम भरात, आणि ‘उष्णता टाळा’ असा सल्ला. चटणी करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे कुस्तीगिराला माती टाळ म्हणणं. म्हणून कामच थोडं हलवलं. भाजणं पहाटे साडेपाच ते आठ. कढई खिडकीशी, टेबल फॅन पाठीमागून, म्हणजे वाफ आणि मसाल्याचा ठसका बाहेर जाईल. वीस मिनिटांनी उठायचं, तोंडात बर्फाचा खडा धरायचा. मिरच्या खाली-वर करायला सून जाते, वहिनी संध्याकाळी.

मिरची आणि उष्णता यांचं नातं कोल्हापुरात सांगायची सोय नाही, पण शरीर दोन्ही एकाच दाराने ओळखतं. नसांच्या टोकांवरची टीआरपीव्ही1 नावाची ग्राहिका तापमान 43 अंशांच्या वर गेलं की उघडते आणि मिरचीतलं कॅप्सायसिन लागलं तरी उघडते. तिच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. लवंगी मिरची चावल्यावर ‘जाळ’ म्हणतो ते शब्दशः खरं आहे, नसेला तो जाळच कळवला जातो.

तांबडा रस्सा सोडायला वहिनी तयार नव्हत्या. मी 1981 सालचा एक जुना प्रयोग सांगितला. विल्किन नावाच्या डॉक्टरांनी रोझेशियाच्या रुग्णांना कॉफी दिली. गरम कॉफीने चेहरा पेटला, नुसत्या गरम पाण्यानेही पेटला, थंड कॉफीने नाही. दोष कॉफीपेक्षा तिच्या गरमपणाचा निघाला. वहिनी म्हणाल्या, "मग रश्श्याचं बघूया की."

दोन रविवार घेतले. पहिल्या रविवारी पांढरा, चुलीवरून उतरल्या उतरल्या, वाफा निघत असताना. मिरची जवळजवळ नाही, तरी पंधरा मिनिटांत फुली, पन्नास मिनिटांची. दुसऱ्या रविवारी तांबडा, पण कोमट करून आणि अर्धी वाटी. फुली आली, बारीक, वीस मिनिटांत गेली. एका बाईवरचे दोन रविवार म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. पण त्या घरात तोडगा निघाला: तांबडा राहिला, वाफ गेली. चहाचंही तसंच. वहिनी कपातून प्यायच्या, सासूबाई अजून बशीतून पितात. वहिनी बशीवर आल्या. सकाळची फुली आठवड्यातून एकदोनदाच राहिली.

गोलांचं काय

गोल त्वचारोगतज्ज्ञांच्या हातातले नव्हतेच. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. हार्मोनची गोळी वाफांवर सगळ्यात चांगली चालते. घरातला कर्करोगाचा इतिहास, रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या हे सगळं बघून ती ठरवतात, नुसत्या त्वचेसाठी देत नाहीत. वहिनींच्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला. वहिनींनीच हार्मोन नको म्हटलं, डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. बिगरहार्मोन गोळ्यांचाही पर्याय पुढे ठेवला. वहिनी म्हणाल्या, बघू. अजून बघतायत.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा पुटकुळ्या गेल्या होत्या, डोळ्यांतली वाळूही. पापण्या रोज कोमट फडक्याने शेकायला सांगितल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन थांबलं, मेट्रोनिडॅझॉल 0.75 टक्के जेल सुरू झालं. जुलैत अझेलाइक अॅसिड, आधी आठवड्यातून दोन रात्री, कारण ते पहिल्या दिवसांत चुरचुरतं. पण रोझेशिया आणि वांग दोघांवर चालतं. स्टेरॉइडखाली दबलेला वांग पुन्हा वर आला होता. वहिनींना तो खटकतो. आरशात बघून म्हणतात, "पाच वर्षं पैसे घातले आणि जिथल्या तिथं." नाकाच्या कडेच्या बारीक लाल रेघा क्रीमने जाणार नाहीत, लेसर लागेल, तो खर्च त्यांना या वर्षी नको आहे.

दुकानात मी आता त्या जातीची मलमं मागच्या कपाटात ठेवते आणि चिठ्ठीशिवाय देत नाही. महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून जातात. शेजारच्या गल्लीत त्यांना मिळत असणार.

परवा वहिनींनी ऑक्टोबरचं पान फाडून आणून दाखवलं. गोल दिवसाला चार-पाच. महिन्याच्या फुल्या सहा. पाच बारक्या, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची एक, पेनाने दोनदा गिरवलेली.

"नऊ दिवस उपास झाला ओ," म्हणाल्या. "त्या दिवशी तांबडा गरमच ओरपला. खरं ते सांगतो."